पावसाआधी वायपरची मोटर: काढणं, खोलणं, गंज काढून रंगवणं

वायपरच्या मोटरीवर गंजाचे पापुद्रे दिसले की मेकॅनिक म्हणतो, "बदलून टाका." माझं सांगणं आहे, आधी खोलून बघा. बाहेरचा गंज आणि आतली अवस्था यांचा फारसा संबंध नसतो. जुन्या गाड्यांतल्या मोटरीत तांबं चांगलं, चुंबक चांगले, बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) चांगले, आणि वरचा पत्रा मात्र खाऊन गेलेला, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी झाली. आता रत्नागिरीत घरीच आहे. स्वतःच्या मारुती 800 चं आणि शेजारपाजारच्या गाड्यांचं काम करतो. मिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्याला खारा वारा बारा महिने. इथं पत्र्याला गंज लागतोच. तो आत शिरू द्यायचा की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

मारुती 800 कंपनीनं 2014 च्या जानेवारीत बनवणं थांबवलं. सुटे भाग अजून मिळतात, पण बाजारात मिळणारी प्रत्येक मोटर मूळ मोटरीच्या दर्जाची नसते. हातात घेतली की वजनातच फरक कळतो. म्हणून मूळ मोटर जपणं मला महत्त्वाचं वाटतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबा घाटात धुक्यात आणि पावसात वायपर बंद पडला तर गाडी बाजूला घेण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि घाटात बाजूला घ्यायला जागा असतेच असं नाही. शिवाय पंधरा वर्षं झालेली गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावी लागते, आणि तिथं वायपर चालवून बघतात.

हे काम एप्रिल-मे मध्ये करा. मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आधी, मोटर गाडीवर परत बसलेली हवी. रंगाच्या दृष्टीनंही तेच बरं. हवा दमट असली की स्प्रेचा रंग पांढुरका पडतो.

सगळ्यात आधी दोष नक्की मोटरीतच आहे का ते बघा. वायपर हळू चालतो, मध्येच अडतो, म्हणजे मोटर गेली असं लोक धरून चालतात. निम्म्या वेळा दोष लिंकेजचा, म्हणजे मोटरीची हालचाल वायपरच्या दांड्यांपर्यंत नेणाऱ्या जोडणीचा असतो. काचेखाली दोन्ही दांड्यांचे स्पिंडल ज्या बुशांत फिरतात ते बुश कोरडे पडतात, त्यात माती आणि मीठ बसतं, आणि बिचारी मोटर दुप्पट जोर लावत राहते. पुढं कधीतरी ती जळते, आणि नवी बसवली तरी सहा महिन्यांत तीही जळते, कारण बुश तसेच घट्ट. म्हणून मोटरीपासून लिंकेज सुटं केलं की दांडे हातानं हलवून बघा. दोन बोटांनी हलले पाहिजेत. नाही हलले, तर तुमचं अर्धं काम तिथंच आहे.

आता काढायला घेऊ. लागणारं सामान साधंच आहे: दहाचा रिंग पाना आणि दहाचीच गोटी, चपटा आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, गंज सोडवणारा स्प्रे, मास्किंग टेप, मार्कर पेन, मल्टिमीटर, 120, 240 आणि 400 नंबरचे पॉलिश पेपर, थोडा 800 चा, रॉकेल, लिथियम ग्रीस, प्रायमर आणि काळा रंग.

पहिली गोष्ट: किल्ली लावा, काच ओली करा, वायपर एकदा चालवा आणि स्टिअरिंगच्या दांडीवरूनच बंद करा. किल्ली फिरवून बंद करू नका. दांडीनं बंद केलं की मोटर आपली ठरलेली जागा गाठूनच थांबते. कारण बटण बंद झालं तरी मोटरीच्या आत एक चकती आणि पट्ट्यांचे स्पर्श असतात. दांडे खाली येईपर्यंत त्या वाटेनं मोटरीला वीज मिळत राहते. ती जागा आली की वाट तुटते, आणि बहुतेक मोटरींत त्याच क्षणी मोटरीच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे ती जागच्या जागी ब्रेक लागल्यासारखी थांबते. याला पार्किंग म्हणतात. जोडताना सगळा हिशेब या जागेवरून करायचा आहे, म्हणून काढताना मोटर पार्क झालेली हवी. मग काचेवर दोन्ही ब्लेडच्या बाजूनं मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवा. फोटो काढला तरी टेप लावाच. फोटोत कोन नीट कळत नाही.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. काचेवर जाड टॉवेल किंवा गोणपाट टाका. दांड्याला कडक स्प्रिंग असतो. हातातून सुटला तर लोखंडी टोक थेट काचेवर आपटतं. नवी काच मोटरीपेक्षा महाग पडते.

दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी असते, ती उचला. खाली नट असतो, बहुधा दहाचा. नट निघतो, पण दांडा निघत नाही, कारण तो बारीक दात्यांवर बसलेला असतो आणि दात्यांत पांढरी पावडर जमलेली असते. स्प्रे मारा आणि पंधरा-वीस मिनिटं दुसरं काम करा. मग दांडा उभा करून बुडाशी धरून डावीउजवीकडे हलवत वर ओढा. खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका. काउलचा, म्हणजे काचेच्या बुडाशी असलेला पत्रा चेपतो, रंग उडतो, आणि तिथं पुढच्या पावसाळ्यात नवा गंज येतो. अगदीच अडला तर छोटा दोन पायांचा पुलर वापरा.

बॉनेट उघडा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यावर मोटर बसवलेली दिसेल. वायरी जिथं जोडलेल्या असतात त्या कपलरची कुलपासारखी जीभ दाबून तो काढा, वायर ओढून नाही. मोटरीला तीन किंवा चार बोल्ट असतात. त्यांनाही आधी स्प्रे द्या, कारण हे बोल्ट तुटले तर तुटका तुकडा काढताना दिवस जातो. सगळे निघाले की मोटर थोडी पुढं येईल, पण सुटणार नाही. तिच्या मागं क्रँक म्हणजे छोटा आडवा हात आहे आणि त्याच्या टोकाला लिंकेजचा गोळा अडकलेला आहे. गोळ्याच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलका पीळ दिला की तो टक् करून सुटतो. खाचेचं प्लास्टिक जुनं असलं तर थंडीत तडकतं, पण मे महिन्यात मऊ असतं, सहसा काही होत नाही.

क्रँक मोटरीवरून काढायची वेळ आली तर आधी शाफ्टच्या टोकावर आणि क्रँकवर एकच सरळ रेघ मारा, मार्करनं नाही, टोकदार पंचनं. मार्कर रॉकेलात पुसला जातो. आणि नट सोडवताना क्रँक पक्कडीत किंवा व्हाइसमध्ये धरा. मोटर हातात धरून नट फिरवला तर सगळा जोर आतल्या मोठ्या गिअरवर जातो. तो बहुधा नायलॉनचा असतो, आणि दाते तिथंच उडतात.

आता टेबलावर वर्तमानपत्र घालून बसा. मोटरीचे दोन भाग दिसतील: एक लोखंडी डबा, ज्याच्या आत चुंबक आणि आर्मेचर, म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेला फिरणारा भाग आहे, आणि दुसरी ॲल्युमिनियमसारख्या धातूची ओतीव पेटी, जिच्यात गिअर आहे. दोन्हींच्या सांध्यावर आडवी रेघ ओरखडून ठेवा. ही रेघ विसरू नका. डब्यात आमनेसामने दोन चुंबक असतात, एक उत्तर, एक दक्षिण. डबा अर्धा फेरा फिरून बसला तर ध्रुव उलटे होतात आणि मोटर उलट्या दिशेनं फिरते. वरून सगळं ठीक दिसतं, वायपर चालतोही, पण पार्किंग चुकतं आणि माणूस दिवसभर वायरिंग तपासत बसतो.

डबा ओढताना चुंबक आर्मेचरला धरून ठेवतो आणि ते डब्याबरोबरच बाहेर येऊ पाहतं. ते आलं की त्याला वीज पोचवणारे तिन्ही कार्बन स्प्रिंगनं बाहेर उडतात. म्हणून शाफ्टचं टोक गिअरच्या बाजूनं दाबून धरा आणि डबा सरळ ओढा. डब्याच्या तळाशी कधी छोटी स्टीलची गोळी असते, कधी नायलॉनची टिकली, तिच्यावर लक्ष ठेवा.

डब्याला हातोडी लावायची नाही. चुंबक फेराईटचे असतात, चिनीमातीइतकेच ठिसूळ. रॉकेलात किंवा थिनरमध्ये तो बुडवूनही ठेवायचा नाही, कारण काही डब्यांत चुंबक गोंदानं चिकटवलेले असतात. आतून कोरड्या फडक्यानं पुसा. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटलेला असेल तर मास्किंग टेपच्या चिकट बाजूनं उचला.

आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्या, म्हणजे कम्युटेटर, काळा पडलेला असतो. 800 नंबरच्या पेपरची बारीक पट्टी त्याभोवती घेऊन आर्मेचर फिरवा. काळ्या एमरी पेपरनं हे काम करू नका, त्याची भुकटी पट्ट्यांच्या फटींत बसून त्रास देते. पट्ट्यांमधल्या फटी टोकदार काडीनं साफ करा. तांब्यावर खोल खोबण पडली असेल तर मात्र लेथवर नेऊन हलका कट घ्यावा लागतो. ते रिवाइंडिंगवाल्याकडून करून घ्या. मीटरनं शेजारशेजारच्या पट्ट्या तपासा: सगळीकडे साधारण सारखं वाचन हवं. कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर आर्मेचर जळलंय, आणि मग नवी मोटर घेणंच शहाणपणाचं.

कार्बन तीन असतात. दोन समोरासमोर, तिसरा जरा बाजूला. हा तिसरा जोरात चालवण्यासाठी. वायपर हळू नीट चालतो पण जोरात टाकला की बंद पडतो, अशी तक्रार असेल तर आधी याच्याकडे बघा. पाच मिलिमीटरच्या आसपास आलेले कार्बन बदलून टाका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतात. मापाचे नाही मिळाले तर थोडे मोठे घेऊन सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून बेतता येतात. पण त्यांच्या वेणीला, म्हणजे कार्बनच्या मऊ तारेला, डाग देताना कथील वेणीत वर चढू देऊ नका, वेणी कडक झाली की कार्बन हलत नाही.

गिअरच्या पेटीचं झाकण काढलं की आत तपकिरी, मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस दिसेल. सगळं काढा. धातूचे भाग रॉकेलात धुवा. नायलॉनचा गिअर आणि कार्बनची पट्टी रॉकेलात टाकायची नाही, ती नुसती पुसा. झाकणाच्या आत पार्किंगच्या पितळी पट्ट्या असतात. त्या हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कापडानं पुसा. त्यांचा बाक हातानं बदलू नका. आमच्याकडे पितळेला आमसूल किंवा चिंच लावायची सवय आहे. भांड्याला लावा, इथं लावू नका. आंबट रस फटीत राहतो आणि पट्टी पुन्हा हिरवी होते, आधीपेक्षा लवकर.

आता गंज. लोखंडी डबा आणि ओतीव पेटी यांना वेगळं वागवायचं. डब्यावरचे पापुद्रे लोखंडी ब्रशनं उडवा, मग 120 चा पेपर, मग 240, मग 400. तोंडावर मास्किंग टेप लावून आत बोळा भरून ठेवा, नाहीतर सगळा कीस चुंबकावर जाऊन बसेल. खड्ड्यांत उरलेला गंज पेपरनं निघत नाही. तिथं फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं लावा. तांबूस गंज काळा पडतो. बाटलीवर लिहिलेला वेळ थांबून जास्तीचं पुसा, उन्हात कोरडं करा. हातमोजे घाला. कन्व्हर्टर झाल्यावर रात्रभर उघडं ठेवलं तर इथल्या हवेत सकाळी परत पिवळट झाक आलेली असते. म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी.

पेटीवर लोखंडी ब्रश चालवायचा नाही. लोखंडाचे कण त्या मऊ धातूत रुततात आणि तिथूनच डाग सुरू होतात. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घ्या, पांढरी पावडर जाईपर्यंत घासा, साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. ॲल्युमिनियमवर साधा रेड ऑक्साईड टिकत नाही, पापुद्रा होऊन निघतो. त्याला एच (etch) प्रायमर लागतो. रंगाच्या दुकानात मागितला की देतात. डब्याला साधा प्रायमर चालतो.

रंगवण्याआधी काय झाकायचं ते नीट ठरवा, कारण रंगवलेली मोटर चालत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं: अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. काही मोटरींना अर्थची वेगळी काळी वायर असते. काहींची अर्थ मोटरीच्या अंगातून, बोल्टांतून गाडीच्या पत्र्याला जाते. कपलरच्या टोकांपासून अंगापर्यंत मीटर लावून बघा, तुमची कोणती ते कळेल. कोणतीही असो, बोल्ट जिथं टेकतात त्या गोल जागा, डबा आणि पेटी यांच्या सांध्याच्या कडा, आणि अर्थची पट्टी असेल तर तिची जागा, एवढं टेपनं झाकून ठेवा. शाफ्ट आणि त्याचे दाते झाका. आणखी एक जागा महत्त्वाची: मोटरीला खालच्या अंगाला बारीक भोक किंवा रबरी नळी असते. तिच्यातून मोटर श्वास घेते. भर पावसात तापलेल्या मोटरीवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते. भोक उघडं असेल तर हवा आत येते. रंगानं बुजलं असेल तर शाफ्टच्या बाजूनं पाणी ओढलं जातं. आतून गंजलेल्या ज्या मोटरी मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचं हे भोक चिखलानं किंवा कोणीतरी फासलेल्या रंगानं बंद होतं.

रंग सकाळी दहानंतर, दव गेल्यावर द्या, पण थेट उन्हात नको. प्रायमरचे दोन पातळ हात, मधे वीसेक मिनिटं. वाळल्यावर 400 च्या पेपरनं पाणी लावून हलकं घासा, वाळवा. मग काळ्या रंगाचे तीन पातळ हात. मूळ मोटर चकचकीत नव्हती, सॅटिन काळा तिला शोभतो. जाड एक हात दिला की ओघळतो आणि आतून ओला राहतो, मग बोल्ट आवळताना वॉशरखाली सरकतो. दोन दिवस तसंच ठेवा. ओव्हनमध्ये वाळवायची कल्पना काढून टाका, डब्याच्या आत चुंबक आणि गोंद आहेत.

जोडताना वर्मवर, म्हणजे शाफ्टच्या आट्यांवर, आणि गिअरच्या दात्यांवर लिथियम ग्रीस लावा. पेटी गच्च भरू नका, जास्तीचं ग्रीस पार्किंगच्या पट्ट्यांवर जातं. बुशांना मशीन ऑइलचा एकेक थेंब, कार्बनच्या बाजूला मात्र अजिबात सांडायला नको. कार्बन मागं धरून ठेवायला बारीक तारेचे आकडे करा, आर्मेचर आत गेलं की काढून घ्या. ओरखड्याची रेघ जुळवून डबा बसवा. शाफ्टच्या टोकाला आटे असलेला स्क्रू आणि चेकनट असेल तर स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्या, मग पाव फेरा मागं, आणि चेकनट आवळा. शाफ्टला किंचित खेळ हवा, पण खडखड नको.

झाकणाखालचं गॅस्केट फाटलं असेल तर सिलिकॉन लावतात. लावा, पण वास घेऊन विकत घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना ॲसिड सोडतं आणि आतल्या तांब्या-पितळेला खातं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागा. पातळ दोरीसारखी रेघ पुरे.

गाडीवर चढवण्याआधी टेबलावर चालवून बघा. बॅटरीपासून येणाऱ्या वायरीत फ्यूज घाला, नुसती वायर नको. मोकळी मोटर दीड-दोन अँपियर घेते. पाच-सहा दाखवत असेल तर काहीतरी घासतंय, परत खोला. हळू गतीला मिनिटाला साधारण पंचेचाळीस ते पन्नास फेरे, जोरात साठ-सत्तर. कानाला एकसारखा, गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा.

मोटर बाहेर आहे तोवर काउल साफ करा. आंब्याचा मोहोर, सुरूच्या काड्या, वाळकी पानं, सगळं तिथं साचून ओलं राहतं. पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. स्पिंडलचे बुश रॉकेलानं धुऊन तेल घाला, दांडे दोन बोटांनी हलेपर्यंत. रबरी वॉशर कडक झाले असतील तर आत्ताच बदला.

बसवताना क्रम असा: लिंकेजचा गोळा दाबून बसवा, बोल्ट आवळा, कपलर लावा, बॅटरी जोडा, पण दांडे अजून लावायचे नाहीत. किल्ली लावून मोटर दोन मिनिटं चालवा आणि दांडीवरून बंद करा. ती पार्क झाली की मग दांडे टेपच्या पट्टीशी जुळवून ठेवा आणि नट आवळा. दांडे आधी लावून मग मोटर चालवली तर ते काचेच्या कडेवर किंवा एकमेकांवर आपटू शकतात. काच ओली करून हळू, मग जोरात चालवा. पूर्ण झेपेत ब्लेड काचेच्या रबरापासून बोटभर तरी अलीकडे थांबलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर दांडा एक दाता सरकवा, मोटरीला हात लावू नका.

अर्थ नीट आली का ते मीटरनं बघता येतं: मोटर चालू असताना एक टोक मोटरीच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्धा व्होल्टही दिसला तर कुठंतरी रंग किंवा गंज मधे आहे, बोल्टाखालची जागा खरवडून परत आवळा. बसवून झाल्यावर उघड्या राहिलेल्या धातूवर, बोल्टांच्या डोक्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. आठ-दहा दिवसांनी बोल्ट एकदा परत आवळून बघा. खालची रबरं बसतात आणि बोल्ट थोडे सैल होतात.